तात्यांचे साहेब

त्या नटाचं नाव मी इथं लिहिणार नाही. लिहिलं तर तुम्ही लगेच ओळखाल आणि मग गोष्ट त्याची होईल. त्याच्यावर आजवर रग्गड लिहून झालंय. तात्यांवर कुणी एक ओळ लिहिलेली नाही. ते गेले तेव्हा कारखान्याच्या नोटीस बोर्डावर श्रद्धांजलीचा कागद लागला होता, तेवढाच. त्यातही वय चुकलं होतं. पन्नाशीला अजून वर्ष बाकी होतं, कागदावर चोपन्न लिहिलं होतं. शेवटी शेवटी ते दिसायचेच तसे, त्यामुळे कुणाला खटकलं नाही.

आमचा कारखाना बारामती आणि इंदापूरच्या मधे. मी नव्वद साली तिथं वजनकाट्यावर कारकून म्हणून लागलो, तेव्हा तात्या त्या केबिनमधे जुने झाले होते. माझं काम काट्यावर आलेल्या उसाच्या गाडीचं वजन लिहायचं. त्यांचं काम बाहेर गाडीतळावर थांबलेल्या गाड्यांना कर्ण्यावरून नंबर पुकारून आत बोलवायचं. ऐन हंगामात तळावर तीन-तीनशे गाड्या, बैल, ट्रॅक्टर, चुली, पोरंबाळं, असा एक गावच बसलेला असायचा. नंबर पुकारायचं काम तसं कुणीही करील. तात्या ते साहेबांच्या आवाजात करायचे.

साहेब म्हणजे तो नट. तात्यांनी त्याला कधी नावानं हाक मारली नाही. बाकीच्या नटांना ते एकेरीत उडवून लावायचे, याला मात्र ‘साहेब’ आणि ‘ते’. हा नट बोलताना वाक्यातल्या शेवटच्या शब्दाआधी थांबायचा. इतका थांबायचा की थेटरात माणसं खुर्चीच्या कडेला यायची, आणि मग तो शब्द हळूच ठेवायचा. तात्या कर्ण्यात तसंच करायचे. “गाडी नंबर एकशे...” मग गप्प. तळावरचे गाडीवान बैलांचे कासरे धरून कान टवकारून उभे. “...बारा.” एकशे बाराचा गाडीवान खूष व्हायचा, बाकीचे शिव्या घालायचे आणि हसायचे. बीडकडचे तोडकरी पुढच्या वर्षी आले की आधी विचारायचे, “ते थांबून बोलनारं मानूस हाय का अजून?”

शेतकी अधिकाऱ्यानं एकदा त्यांना बोलावून घेतलं. म्हणाला, नंबर सरळ पुकारा, हे काही नाटक नाही. तात्या शांतपणे म्हणाले, “सायेब, सरळ पुकारल्यावर कोन ऐकतंय? तुमी मगाधरनं सरळच बोलताय, माजं ध्यान भाईर हुतं.” अधिकाऱ्याला राग यायला हवा होता, पण तोच हसला. तेव्हा माणसं अशा गोष्टींवर हसायची तरी.

त्यांचे नियम होते. साहेबांचा सिनेमा बारामतीत लागला की पहिल्या शुक्रवारी रजा. अर्जावर कारण ‘घरगुती’. इस्त्रीचे कपडे, दाढी ताजी. खुर्चीत बसलं की चपला काढून खाली ठेवायच्या. शिट्टी नाही, पैसे उधळणं नाही, मधे बोलणं तर नाहीच. व्हिडिओवर सिनेमा बघायचा नाही. “येवढ्याशा पेटीत त्यास्नी कोंबायचं? न्हाय जमत आपल्याला.” सिनेमा पडला हा शब्द त्यांच्यासमोर चालायचा नाही. सिनेमा पडत नसतो, लोक चुकतात. एकदा मी मुद्दाम विचारलं, लागोपाठ पाच वेळा लोक चुकले की काय म्हणायचं? तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. केबिन एवढीशी, गुडघ्याला गुडघा लागलेला, आणि माणूस बोलत नाही. तिसऱ्या दिवशी मीच माफी मागितली.

साहेबांना पत्र मात्र त्यांनी कधी लिहिलं नव्हतं. सही नको, फोटो नको. “त्यास्नी कामं आसत्यात. आपलं काय, आपन बघायचं,” म्हणायचे. हे मला त्या वेळी फार आवडलं होतं. आपल्याला कुणाकडून काहीच नको असताना कुणी इतकं आवडणं ही सोपी गोष्ट नाही.

तात्या वरकुट्याचे. घर बौद्ध. त्यांच्या वडिलांनी छप्पन सालानंतर दीक्षा घेतली त्या दिवशी घरातली चिलीम दगडावर फोडली होती. ही गोष्ट तात्या अभिमानानं सांगायचे. तेव्हापासून त्या घरात विडी नाही, पान नाही, साधी सुपारी नाही. हंगामात आम्ही सगळे काही ना काही चघळायचो, जाग राहावी म्हणून. तात्या चहासुद्धा अर्धा घ्यायचे. त्यांच्या बायको, आमच्या वहिनी, गावात अंगणवाडी चालवायच्या. दोघं रोज सकाळी वंदना म्हणून घराबाहेर पडायची. मूलबाळ नव्हतं. त्याबद्दल तात्या कधी बोलले नाहीत आणि मी विचारलं नाही.

तर अशा माणसानं एका शुक्रवारी बारामतीच्या थेटरात, मध्यंतरात, साहेबांना पुडी खाताना बघितलं.

जाहिरात होती. आता त्यात नवल वाटत नाही, पण तेव्हा नवीन होतं. पांढरा कोट घातलेले साहेब मोटारीतून उतरतात, गुटख्याची एक छोटी चकचकीत पुडी दोन बोटांनी फाडतात, मान वर करून तोंडात रिकामी करतात आणि तसंच थांबून, शेवटच्या शब्दाआधी थांबून, पुडीचं नाव घेतात. मी त्या दिवशी बरोबर होतो. मध्यंतरात लोक भेळ आणायला उठले होते. तात्या उठले नाहीत. जाहिरात त्यांनी सिनेमासारखीच बघितली, हात मांडीवर ठेवून.

शनिवारी कारखान्याच्या गेटावरच्या टपरीत ते उभे. टपरीवाल्याला वाटलं सुट्टे पैसे हवेत.

“एक पुडी द्या.”

“कुनाला, तात्या?”

“मला. साहेब खात्यात ती.”

फाडता येईना. दातानं ओढली, अर्धी शर्टावर सांडली. आम्ही पोट धरधरून हसलो. ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, कानशिलं लाल झाली. मला वाटलं झालं, हौस फिटली. संध्याकाळी त्यांनी दुसरी घेतली.

वहिनींनी पहिल्याच आठवड्यात विषय काढला. मी त्यांच्याकडं जेवायला गेलो होतो, माझ्यासमोरच म्हणाल्या, “रोज सकाळी पाचवं शील म्हनता, आन् दिसभर ह्ये चगळता. भावजी, तुमीच सांगा आता.”

तात्या म्हणाले, “शीलात दारू म्हनलंय. ह्ये मुखवास हाय. येवढा मोटा मानूस लोकास्नी वंगाळ सांगंल व्हय?”

त्यांच्या सगळ्या मुद्द्यांच्या तळाशी हा एकच मुद्दा होता. येवढा मोठा माणूस खोटं कशाला सांगेल? आणि माझी गंमत अशी, की मी वहिनींची बाजू घेतली नाही. ताटातली वांग्याची भाजी छान झाली होती, मला वाद नको होता. शिवाय जेवण झाल्यावर तात्यांनी पुडी काढली ती अर्धी मला दिली, आणि मी ती घेतली. पुढची तीन वर्षं आम्ही केबिनमधे पुडी वाटून खाल्ली. त्यांना दिवसाला वीस लागायच्या, मला पाच-सहा.

तिखट झोंबायला लागलं तेव्हा ते म्हणाले मिरची बदलली. भाकरी दुधात कुस्करून खायला लागले तेव्हा म्हणाले दात हलतोय. मग एका हंगामात गाडीवानांची कुरकुर सुरू झाली. नंबर नीट कळत नाहीत. तात्या ‘थांबायचे’ ते आता शब्द जुळवायला थांबायचे. तळावरच्या लोकांना बराच काळ वाटलं हे नेहमीचंच आहे. मला शेजारी बसून दिसत होतं की त्यांचे ओठ उघडताहेत, पण आतून जबडा उघडत नाहीये. काय बोलणार, माझ्याही गालात पुडी असायची.

बारामतीच्या दाताच्या डॉक्टरकडं मीच त्यांना घेऊन गेलो. डॉक्टर तरुण होता. त्यानं सांगितलं, “तीन बोटं एकावर एक उभी धरा आणि तोंडात घाला.” तात्यांची दोन गेली. दुसरं जाताना डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टरनं पुढचं सगळं स्वच्छ सांगितलं. पुडी आज, या क्षणी बंद करा, नाहीतर आधी तोंड बंद होईल आणि मग त्याच्या पुढचं. परत येताना एसटीत मी खिडकीकडं तोंड केलं आणि गुपचूप माझी बोटं घालून बघितली. तीन गेली. मला आनंद झाला. शेजारी हा माणूस बसलेला, आणि मला आनंद झाला. त्याची लाज मला आजही वाटते. त्या दिवसापासून मी पुडीला हात लावला नाही, आणि तात्यांना ‘तुम्हीही सोडा’ असं हात धरून सांगितलं तेही नाही. दोनदा तोंडदेखलं म्हणालो.

त्यांनी कमी केली, सोडली नाही. त्यांचा हिशेब सरळ होता. “साहेबांचं त्वांड उगडतंय न्हवं? माज्याआदी खात्यात त्ये.”

नंतर साहेबांचा नवीन सिनेमा आला. त्या वेळेपर्यंत तात्यांचं एकच बोट जात होतं. मी बरोबर गेलो. सिनेमा सामान्य होता, साहेब उतारवयाला लागले होते, बापाचं काम होतं. बाहेर आल्यावर तात्या रस्त्याच्या कडेला थांबले. चेहरा असा उतरलेला की मला वाटलं त्यांना घेरी आली.

“बगितलं का तुमी?”

“काय?”

“साहेब त्वांड मिटून हासत्यात आता. आख्ख्या शिनिमात येकदा बी दात दिसलं न्हाईत.”

मी म्हणालो, अहो तात्या, बापाचं काम आहे, मुलगी पळून गेलीय सिनेमात, तो कशाला हसेल? त्यांनी ऐकलं नाही. दुसऱ्या शुक्रवारी एकटे परत गेले, फक्त तोंड बघायला. साहेब जेवायला बसलेत असा एक प्रसंग होता. त्यात घास छोटा घेतात, म्हणाले. पोळी मोडून मोडून खातात. त्या दिवशी तात्यांनी पुडी सोडली. स्वतःसाठी नाही. आपल्याला झालंय ते साहेबांनाही झालंय, आणि आपण ऐकलं नाही तसं तेही ऐकणार नाहीत, असं काहीतरी त्यांच्या डोक्यात बसलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी साहेबांना पत्र लिहिलं. मग दुसरं. मग दर पंधरा दिवसांनी एक. मजकूर एकच: साहेब, पुडी सोडा, तीन बोटं घालून बघा, दोनच गेली तर उशीर करू नका. पत्ता त्यांनी एका सिनेमाच्या मासिकातून मिळवला होता. उत्तर एकही आलं नाही. वहिनी म्हणायच्या, “सोताच्या तोंडाकडं बगा की ओ जरा.”

पण तोवर गालाच्या आत कॅन्सरची गाठ झाली होती. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. डावा जबडा, गाल आणि जिभेचा तुकडा काढला. तात्या घरी आले तेव्हा मी त्यांना ओळखलं ते चपलांवरून. तोंडाची एक बाजू नव्हतीच. मांडीचं कातडं काढून तिथं शिवलं होतं, आणि त्याच्याखालून सतत लाळ गळायची. नाकातून नळी, नळीतून पेज. आवाज गेला. आवाज म्हणजे नुसता घोगरा ‘आँ’ उरला. वहिनींनी अंगणवाडीतली एक पाटी आणून दिली. तात्या पांढऱ्या उपरण्यानं नाकापासून खालचा चेहरा गुंडाळून घ्यायचे आणि पाटीवर लिहून बोलायचे. कारखान्यानं त्यांना गोदामात बसून राहायचं काम दिलं. कर्ण्यावर नवीन माणूस आला. तो नंबर सरळ पुकारायचा.

मला पाटीवर त्यांनी लिहिलेलं पहिलं वाक्य आठवतं. “साहेबांचं काही कळलं का?”

मी त्या दिवशी त्यांच्यावर चिडलो. म्हणालो, “तात्या, बास करा. त्या माणसामुळं झालंय हे सगळं.” त्यांनी पाटी पुसली, लिहिलं, “त्यांनी कुठं माझ्या तोंडात घातली?” त्याला उत्तर असेल तर ते मलाही लागू होतं.

त्यानंतरच्या हंगामाच्या शुभारंभाला साहेबच येणार असं ठरलं. चेअरमनच्या जावयाची मुंबईत ओळख होती. गव्हाणीत पहिली मोळी साहेबांच्या हातून टाकायची, मग गेस्ट हाऊसवर चहापान. दोन तालुक्यांतून माणसं लोटणार म्हणून बांबू बांधले. मी चहापानाच्या व्यवस्थेत होतो. आदल्या दिवशी वहिनी मला भेटायला कारखान्यावर आल्या. त्या कधी येत नसत.

“भावजी, आमा दोगास्नी आत न्या. मला बोलायचं न्हाय कायबी. मला फकस्त त्या मानसाम्होरं ह्यांच्या तोंडावरचं फडकं काडायचंय. बगू द्या त्याला. येकदा बगू द्या.”

मी हो म्हणालो. खरं सांगायचं तर मलाही तेच बघायचं होतं.

तात्यांचा बेत निराळा होता. त्यांनी खिशात घडी केलेलं पत्र आणलं होतं. या वेळी पोस्टानं नाही, हातात द्यायचं. सकाळी मला वाचायला दिलं. साहेबांना वाईट वाटू नये म्हणून स्वतःच्या आजाराबद्दल त्यात एक अक्षर लिहिलं नव्हतं. ‘आपला एक प्रेक्षक’ अशी सही. इस्त्रीचा पांढरा शर्ट, त्यावर पांढरं उपरणं, आणि आतून ओलं होऊन चिकटलेलं.

मोळी पडली, फटाके वाजले, साहेब गेस्ट हाऊसच्या व्हरांड्यात येऊन खुर्चीत बसले. पडद्यावर दिसायचे त्यापेक्षा लहानखुरे होते. गुडघे दुखत असावेत, सारखे चोळत होते. वागायला सभ्य. चहा देणाऱ्या बाईंनाही हात जोडत होते. मला त्यांचा राग यावा म्हणून मी प्रयत्न करत होतो आणि तो येत नव्हता. मी तात्यांना आणि वहिनींना खांबाशी आणून उभं केलं, खुर्चीपासून चार पावलांवर.

तेवढ्यात एक संचालक पुढं सरसावले. हातात चांदीचं तबक, तबकात पुड्यांची चळत, त्याच चकचकीत पुड्या. “साहेब, आपलीच!” सगळे हसले.

साहेबांनी तबक हातानं हलकेच बाजूला केलं. “अरे नहीं भाई, ये मैं नहीं खाता. कभी नहीं खाई.” मग सवयीनं थांबले. माणसं पुढं झुकली. “उस दिन भी पुड़िया में सौंफ थी.”

हशा पिकला. संचालक तर टाळ्या वाजवायला लागले. मी वहिनींकडं बघितलं. त्यांचा हात तात्यांच्या उपरण्याकडं गेला होता, गाठ बोटांत धरलेली होती. तात्यांनी त्यांचं मनगट पकडलं. त्यांच्या अंगात एवढी ताकद उरली असेल असं मला वाटलं नव्हतं. वहिनी हात सोडवायला बघत होत्या, आवाज न करता, आणि तात्या सोडत नव्हते.

साहेबांचं लक्ष गेलं. “क्या हुआ? दांत में दर्द है?”

तात्यांनी मान हलवली. हो. दातच दुखतोय. मग दोन्ही हात जोडले, म्हणजे वहिनींचं मनगट न सोडता जोडले, त्यांचाही हात मधे अडकलेला. साहेबांनी उठून उलटा नमस्कार केला, “दवाई लीजिए, जल्दी,” म्हणाले, आणि गाडीकडं गेले. सगळा घोळका त्यांच्यामागं गेला.

व्हरांडा रिकामा झाला. तात्या पायरीवर बसले, खिशातलं पत्र काढलं आणि फाडून त्याचे चार तुकडे केले. त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं, आता. इतक्या वर्षांनी आता हा माणूस शिव्या देईल, पाटीभर देईल, आणि मी त्या मोठ्यानं वाचीन. त्यांनी पिशवीतून पाटी काढली, घाईघाईनं लिहिलं आणि वहिनींच्या पुढं धरली. उपरण्याच्या वर डोळे दिसत होते. त्यांत पाणी होतं, पण ते डोळे हसत होते.

वहिनींनी अंगणवाडीत पोरांना वाचून दाखवतात तसं मोठ्यानं वाचलं, “बडीशेप होती. साहेब वाचले.”

पुन्हा एकदा मनातल्या मनात वाचलं. मग खाली बसल्या, त्यांच्या तोंडाशी तोंड नेलं आणि अगदी हळू विचारलं, “आन् आमी, ओ?”

तात्यांनी पाटी परत घेतली. उपरण्याच्या टोकानं पुसली. पेन्सिल टेकवली, उचलली, पुन्हा टेकवली. माझ्याकडं बघितलं, मी काहीतरी सुचवेन म्हणून. मी मान खाली घातली. वहिनी हात पुढं करून थांबल्या होत्या. शेवटी तात्यांनी ती कोरी पाटीच त्यांच्या हातात दिली.